चॉलकॉटचे ग्रंथालय आणि आपली कपाटे

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेली माझी भाची गेल्या हिवाळ्यात बडोद्यास आली, तेव्हा तिने माझ्यासाठी एक इंग्रजी कादंबरी आणली. "मामा, ही तुम्ही वाचायलाच हवी," असे म्हणून तिने ती हाती ठेवली. मुखपृष्ठावरील रंगीबेरंगी चित्र पाहून ही आपल्या वयाला आणि रुचीला मानवणारी गोष्ट नव्हे, असे माझे मत झाले आणि महिनाभर ते पुस्तक तसेच पडून राहिले. पुढे एका दुपारी वीज गेली असताना खिडकीशी बसून चाळायला घेतले आणि दोन बैठकींत संपविले. त्यानंतर मात्र ते पुस्तक मनातून जाईना. त्याचे कारण त्याच्या वाङ्मयीन गुणांत जेवढे आहे, तेवढेच माझ्या पूर्वायुष्यातील एका टिपणीत आणि आपल्या संस्थेच्या कपाटांत आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

कादंबरीचे नाव 'द लास्ट लायब्ररी'. लेखिका फ्रेया सॅम्पसन. २०२१ साली प्रसिद्ध झालेली ही त्यांची पहिली कादंबरी. अमेरिकेत ती 'द लास्ट चान्स लायब्ररी' या नावाने निघाली. चॉलकॉट या काल्पनिक इंग्रजी खेड्यातील सार्वजनिक ग्रंथालयात जून जोन्स ही तिशीच्या आतली तरुणी साहाय्यक म्हणून काम करते. तिची आई याच ग्रंथालयात ग्रंथपाल होती. आईच्या आजारपणात मुलगी गावी राहिली आणि आई गेल्यावरही राहिलीच. घरातील वस्तू आईने ठेवल्या तशाच आहेत. सोबतीला एक मांजर. त्याचे नाव ॲलन बेनेट, म्हणजे एका ख्यातनाम इंग्रज नाटककाराचे. जून लाजरी आहे, चारचौघांत बोलायला घाबरते आणि ग्रंथालयात येणाऱ्या माणसांविषयी मनातल्या मनात कथा रचत बसते. अशा या मुलीच्या कानी एके दिवशी बातमी येते, की खर्चात कपात करण्यासाठी कौंटी काउन्सिल काही ग्रंथालये बंद करण्याच्या विचारात आहे आणि त्यांत चॉलकॉटचे नाव आहे.

पुढची गोष्ट अशा कादंबऱ्यांच्या रीतीने जाते. ग्रंथालयाचे नित्याचे वाचक एकत्र येतात आणि ग्रंथालय वाचविण्यासाठी मंडळ स्थापन करतात. सभा होतात, निदर्शने होतात, प्रकरण ग्रंथालयात ठाण मांडून बसण्यापर्यंत जाते. जूनपुढे मात्र पेच उभा राहतो. ती काउन्सिलची नोकर असल्यामुळे तिला चळवळीत भाग घेण्याची मनाई आहे. नोकरी सांभाळावी की ग्रंथालय, हा तो पेच. चिनी उपाहारगृहाच्या मालकाचा मुलगा, तिचा शाळासोबती आणि आता वकील झालेला ॲलेक्स तिच्या आयुष्यात पुन्हा येतो, तेव्हा प्रेमकथेचाही धागा जुळतो. शेवट काय होतो ते येथे सांगत नाही. ज्यांना वाचायचे आहे त्यांचा आनंद हिरावून घेण्याचा अधिकार परीक्षणकर्त्याला नाही, असे मी मानतो.

एवढ्या कथानकावरून पुस्तक सामान्य वाटेल, आणि कथानकापुरते ते सामान्यच आहे. त्याचे बळ आहे माणसांच्या निवडीत. स्टॅन्ली फेल्प्स हे वृद्ध गृहस्थ रोज येतात, वर्तमानपत्रातील शब्दकोडे सोडवितात आणि अमेरिकेत असलेल्या मुलाला संगणकावरून पत्रे लिहितात. मिसेस ब्रॅन्सवर्थ या करड्या स्वभावाच्या बाई सर्व प्रकारची पुस्तके नेतात आणि परत देताना प्रत्येकावर कडक शेरा मारतात. शँटाल या शाळकरी मुलीला घरी अभ्यासाला निवांत जागा नाही. लैला ही परदेशातून आलेली स्त्री. तिला इंग्रजी फारसे येत नाही, पण पाककृतींची पुस्तके ती न्याहाळते आणि त्यांतून तिला या गावात शिरायला वाट मिळते. जॅक्सन हा चौकस मुलगा शाळेऐवजी घरीच शिकतो आणि त्याचे प्रश्न संपत नाहीत. यांतील किती जण आपण ज्याला काटेकोर अर्थाने 'वाचक' म्हणतो तसे आहेत? फार तर दोन किंवा तीन. ग्रंथालयाच्या वार्षिक अहवालात देवघेवीचा आकडा असतो. त्या आकड्यात स्टॅन्ली कोठेच येत नाहीत. पण रोज सकाळी दार उघडण्याची वाट पाहणारे तेच असतात. त्यांच्या राहण्याविषयीचे एक सत्य पुढे उलगडते, तेव्हा त्या रोजच्या येण्याचा अर्थ वाचकाच्या ध्यानात येतो. त्या पानांवर मी थांबलो.

थांबण्याचे कारण सांगितले पाहिजे. मी राज्य शासनाच्या सेवेत आयुष्य काढले. १९९१ च्या सुमारास एका तालुक्याच्या ठिकाणी असताना एका गावच्या ग्रंथालयाच्या तपासणीचे काम माझ्याकडे आले. गाव जुन्या गायकवाडी मुलखातले. एक खोली, दोन कपाटे, एक लांब बाक, भिंतीवर सयाजीराव महाराजांची तसबीर. हजेरीवही पाहिली, तर दिवसाला तीन किंवा चार सह्या. त्यांतली एक रोज त्याच माणसाची, गावच्या निवृत्त शिक्षकाची. देवघेवीच्या नोंदी जवळजवळ नव्हत्याच. मी टिपणी लिहिली, की वाचकसंख्या नगण्य असल्याने साहाय्य पुढे चालू ठेवण्याची शिफारस करता येत नाही. टिपणी नियमाला धरून होती. वरिष्ठांनी ती मान्य केली.

सुमारे दोन वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्याच गावी जाणे झाले. त्या खोलीत खताच्या गोणी होत्या. महाराजांची तसबीर तशीच होती. तलाठ्याशी बोलता बोलता कळले, की ते मास्तर रोज संध्याकाळी शेतावरून परतलेल्या दहाबारा माणसांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवीत असत. आठवड्यातून एकदोनदा एखादे पुस्तकही वाचत. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना सही करता येत नव्हती, म्हणून हजेरीवहीत ते नव्हते. साहाय्य थांबले तसे वर्तमानपत्र थांबले, आणि वर्तमानपत्र थांबले तशी माणसे यायची थांबली. कोणी निवेदन दिले नाही, कोणी धरणे धरले नाही, माझ्याकडे कोणी तक्रार केली नाही. मी वहीतल्या सह्या मोजल्या होत्या. बाक एवढा लांब का, हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता.

चॉलकॉटच्या स्टॅन्लींना पाहताना मला ते न पाहिलेले श्रोते आठवले. या कादंबरीचे मोठे श्रेय हेच, की ग्रंथालयात कोणाला मोजावे, हा प्रश्न ती वाचकाच्या मनात सहजपणे रुजविते. हे काम तिने भाषणांतून केले असते तर परिणाम झाला नसता. ती एकेका माणसाला दाराशी आणून उभे करते आणि त्याच्या येण्याची सवय आपल्याला लावते. मग बंद दाराची कल्पना आपल्यालाच सोसवत नाही.

कादंबरीची पार्श्वभूमी काल्पनिक नाही. ब्रिटनमध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा पहिला कायदा १८५० साली झाला. १९६४ च्या कायद्याने तर स्थानिक काउन्सिलांवर पुरेशी आणि कार्यक्षम ग्रंथालयसेवा देण्याचे बंधनच घातले. तरीही २०१० नंतर सरकारी काटकसरीच्या धोरणात काउन्सिलांचा निधी आटला आणि २०१९ पर्यंत सुमारे ८०० ग्रंथालये बंद झाली. लोक न्यायालयात गेले. ग्लॉस्टरशायर आणि सॉमरसेट येथील कपातीचे निर्णय उच्च न्यायालयाने २०११ साली बेकायदा ठरविले. वृद्ध, अपंग अशा दुर्बल घटकांवर काय परिणाम होईल, याचा कायद्याला अपेक्षित असा विचार काउन्सिलांनी केला नव्हता. थोडक्यात, तेथेही कोणीतरी सह्या मोजल्या होत्या आणि बाकाकडे पाहिले नव्हते. याउलट लंडनमधील केन्सल राइज ग्रंथालयाच्या बाबतीत, ज्याचे उद्घाटन १९०० साली खुद्द मार्क ट्वेनने केले होते, लोकांना न्यायालयात यश आले नाही. ते २०११ साली बंद झाले. पुढे नागरिकांनी चिकाटीने त्याच वास्तूत स्वयंसेवकांच्या बळावर ग्रंथालय पुन्हा उभे केले. हे ध्यानात घेतले, म्हणजे चॉलकॉटची लढाई ही लेखिकेच्या कल्पनेचा खेळ नव्हे, हे पटते.

आता दोषांकडे वळू. पहिला दोष असा, की विरोधी पक्षाला चेहरा नाही. ग्रंथालय बंद करू पाहणारी माणसे एकतर कोरडी आहेत किंवा स्वार्थी. मी त्या बाजूच्या खुर्चीवर बसलेला माणूस आहे, म्हणून हे मला अधिक जाणवले असेल. पण त्या खुर्चीवर बसणारा बहुधा दुष्ट नसतो. त्याच्यापुढे वृद्धांच्या शुश्रूषेचा खर्च, रस्त्यांचा खर्च आणि ग्रंथालयाचा खर्च एकाच कागदावर असतो आणि बेरीज जमत नसते. असा एखादा सज्जन, हतबल अधिकारी लेखिकेने रंगविला असता, तर कादंबरीचा संघर्ष खऱ्या अर्थाने नैतिक झाला असता. आता तो चांगली माणसे आणि वाईट कार्यालय यांच्यातला राहतो.

दुसरा दोष योगायोगांचा. ज्या क्षणी जी माणसे भेटायला हवीत, त्या क्षणी ती भेटतात. जूनचे लाजरेपण जाण्याचा प्रवास आधीपासून ठाऊक असलेल्या वाटेने होतो, आणि प्रेमकथेतील गैरसमज एका सरळ प्रश्नाने मिटले असते असे आहेत. हास्यासाठी योजलेले काही प्रसंग आपल्या वाचकाला उथळ वाटतील.

तिसरा दोष अधिक महत्त्वाचा. ग्रंथालयावरच्या या कादंबरीत ग्रंथ आहेत, पण ग्रंथांचा संस्कार कमी आहे. पुस्तकांची नावे येतात आणि त्यांवरून माणसांचे स्वभाव सूचित होतात. परंतु एखाद्या पुस्तकाने एखाद्या माणसाचे मन आतून हलविले, असे दीर्घ प्रकरण येथे नाही. ग्रंथालय म्हणजे आसरा, सोबत, ऊब, हे सारे खरे. पण आसरा देवळातही मिळतो आणि चहाच्या दुकानातही. ग्रंथालयात आणखी जे काही मिळते आणि दुसरीकडे मिळत नाही, त्याचा शोध लेखिकेने पुरेसा घेतलेला नाही. "येथे माणसे येतात" हे ग्रंथालय वाचविण्याचे अर्धेच कारण झाले. ती एकदा पुस्तकापाशी येऊन बसली, की त्यांच्यात काय घडते, हे उरलेले अर्धे.

तरीही या दोषांनी पुस्तक बाद होत नाही. हृद्य कादंबरी हा एक मानाचा प्रकार आहे. थकलेल्या माणसाला माणसांवर पुन्हा थोडा विश्वास ठेवावासा वाटावा, एवढे काम तिने केले तरी पुष्कळ झाले. सॅम्पसनबाईंनी ते केले आहे.

परंतु आपल्यासारख्या वाचकाला हे पुस्तक एका निराळ्या प्रश्नापाशी आणून सोडते. ग्रंथालय कोणी चालवावे? ब्रिटिश कायद्याने सारा भार काउन्सिलवर टाकला; आता अनेक ठिकाणी काउन्सिलांनी तो स्वयंसेवकांवर सोडला आहे. बडोदेकरांना यावर शंभर वर्षांपूर्वीचे एक उत्तर ठाऊक आहे. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतील ग्रंथालये पाहून १९१० साली विल्यम ॲलनसन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणले. बोर्डन १९१३ पर्यंत येथे राहिले. मध्यवर्ती ग्रंथालय, ग्रंथपालांचे शिक्षण, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठविणारी फिरती ग्रंथालये, असा सारा व्याप त्या काळात उभा राहिला. १९१२ साली निघालेल्या 'लायब्ररी मिसेलनी' या नियतकालिकात इंग्रजी आणि गुजराती यांबरोबर मराठीलाही जागा होती. पण या सर्वांहून मला मोलाची वाटते ती गावग्रंथालयांची योजना. गावकऱ्यांनी ठरावीक रक्कम जमवावी, तेवढीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच सरकारने. भार तिघांवर सारखा. गावाने आपला वाटा उचलला नाही तर सरकारचा पैसा नाही, आणि गावाने उचलला तर सरकारला हात झटकता येत नाहीत. ग्रंथालय गावाचे आणि राज्याचे एकाच वेळी असते, ही त्यातील खोच. मी ज्या खोलीचे साहाय्य बंद केले, तिथल्या भिंतीवरची तसबीर अशा काळाची होती. त्या मास्तरांनी गावाचा वाटा पैशाने नसेल, पण आवाजाने शेवटपर्यंत उचलला होता. माघार घेतली ती आमच्या बाजूने.

आणि आता आपल्या कपाटांविषयी. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, जेथे जेथे आपली जुनी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहिली, तेथे तेथे मराठी मंडळे झाली आणि बहुतेक मंडळांबरोबर पुस्तकांची कपाटे आली. बेळगाव-गोव्याची गोष्ट थोडी वेगळी. तेथे मराठी घराबाहेरही ऐकू येते. आपल्याकडे ती मुख्यतः घरात आणि कपाटात आहे. माझ्या लहानपणी मंडळात दिवाळी अंकांसाठी नंबर लावावा लागे. आता अंक कोरे राहतात. नातवंडे घरी मराठी बोलतात, पण देवनागरी मजकूर अडखळत वाचतात. त्यांचे शिक्षण गुजरातीत किंवा इंग्रजीत झाले. गेल्या काही वर्षांत मंडळाकडे पुस्तके येतात ती बहुधा एखादे ज्येष्ठ वाचक गेल्यावर. मुलगा फ्लॅट विकण्यापूर्वी पोती भरून आणून देतो. आपण नम्रपणे पावती देतो. पुस्तके वाढत जातात आणि ती उघडणारे हात कमी होत जातात.

चॉलकॉटला निदान नोटीस आली. कोणीतरी कागद काढला, तारीख सांगितली आणि माणसे जागी झाली. आपल्या कपाटांना नोटीस कोण देणार? येथे काउन्सिल नाही, कपात नाही, विरोधक नाही. दार रोज संध्याकाळी सहा ते आठ उघडे असते आणि कोणी येत नाही. अशा बंद होण्याविरुद्ध कोणासमोर निदर्शने करावीत? कादंबरीतील शत्रू सपाट रंगविला आहे, अशी तक्रार मी वर केली. पण आपल्या गोष्टीत तर तो बाहेर सापडतच नाही. कार्यकारिणीच्या सभेत आपण शिल्लक, जमा आणि पुस्तकसंख्या वाचतो आणि इतिवृत्त मंजूर करतो. मी १९९१ साली केले त्याहून हे फारसे वेगळे नाही.

म्हणून या पुस्तकाचे परीक्षण मी एका सूचनेने संपवितो. ती मोठी नाही. त्या गावच्या मास्तरांनी जे केले, ते आपण करावे. महिन्यातून एका रविवारी सकाळी मंडळाच्या दालनात कोणीतरी एक कथा किंवा एखादे प्रकरण मोठ्याने वाचावे. ज्यांना देवनागरी वाचता येत नाही त्या मुलांनी, सुनांनी, जावयांनी आणि शेजारच्या गुजराती कुटुंबांनीही ऐकायला यावे. वाचता न येणाऱ्या माणसाला ऐकता येते, हे मला कळायला फार उशीर झाला. आणि हजेरीवही ठेवायचीच असेल, तर तीत वाचणाऱ्याचे नाव एका ओळीत लिहावे आणि त्याखाली ऐकणाऱ्यांची नावे आपण स्वतः लिहावीत. सहीचा आग्रह धरू नये.

'द लास्ट लायब्ररी'ची माझी प्रत मी मंडळाला देत आहे. ती इंग्रजी असल्याने कोणत्या कपाटात ठेवावी, हा प्रश्न ग्रंथपालांना पडेल. माझी विनंती एवढीच, की ती कपाटात न ठेवता टेबलावर ठेवावी. पहिल्या रविवारी तीमधील स्टॅन्लींविषयीची काही पाने मी मराठीत सांगेन.